आक्काचं नाव कुठल्याच पट्टीवर नाही

पिवळी_माती (धागाकर्ती)

येत्या पौषात आमच्या आक्काला जाऊन वर्ष होईल. आक्का म्हणजे माझी आई. तिचे धाकटे दीर तिला आक्का म्हणायचे म्हणून आम्ही भावंडंही आक्काच म्हणायला लागलो. नातवंडांनी मात्र तिला आई केलं आणि आपापल्या आयांना मम्मी. वर्षश्राद्धाला चौकात फ्लेक्स लावायचा घाट भावानं घातलाय. मजकूर फ्लेक्सवाल्याकडे तयारच असतो, प्रेमळ, कष्टाळू, मायेचा सागर. फोटो तेवढा बदलायचा. मी म्हटलं थांब, मी लिहून देते. लिहायला बसले तर फ्लेक्सवर मावणारं काही निघेना, म्हणून इथं टाकतेय. मोठं झालंय. घाईत असाल तर खुशाल पुढच्या धाग्यावर जा.

आक्काचं माहेर हरिपूर. सांगलीकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. सांगलीला लागूनच आहे. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि जमिनीखाली हळदीची पेवं. तिथली माती घट्ट, खोल खणलं तरी ढासळत नाही. पेवाचं तोंड एक माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र ऐसपैस, वीस-पंचवीस फूट खोल. आतून पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. आत हवा नाही म्हणजे कीड नाही. वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची, रंगासकट. आमचे आजोबा पेवं भरायच्या-उपसायच्या कामाला होते. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. विझला तर अजून वाट बघायची. ती दोरी धरायचं काम लहानपणी आक्काकडे असायचं. "माझ्या हातात माणसाचा जीव असायचा बघ," असं ती सांगायची. त्यात बढाई नव्हती, काम काय होतं ते ती सांगत होती.

लग्न होऊन ती नदीच्या अलीकडे आली, डिग्रजच्या बाजूला. इकडे हळद पिकवणारे लोक. तिकडे तिनं वाळलेली हळद बघितलेली, इथं ओली. लावण अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, काढणी संक्रांतीनंतर, म्हणजे आठ-नऊ महिने रान अडकलेलं. काढल्यावर निवड. जेठे गड्डे वेगळे, बगल गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. बारीकसारीक उरतो तो सोरा गड्डा. चांगले जेठे गड्डे बियाण्याला ठेवायचे. निवड बायकांचीच असते, ती काही विशेष नाही. विशेष पुढं आहे.

हळद शिजवायची असते, हे शहरात पुष्कळांना माहीत नसतं. मोठी लोखंडी काहिल, खाली पाचटाचा जाळ, वर हळदीचाच पाला आणि गोणपाट. शिजल्यानं आतला रंग सगळीकडे सारखा पसरतो, कच्चा वास जातो आणि वाळायला वेळ कमी लागतो. कमी शिजली तर पॉलिशच्या वेळी तुकडे होतात आणि पुढं कीड धरते. जास्त शिजली तर रंग मरतो. मधला जो क्षण आहे तो कुणी ठरवायचा? घड्याळ लावून तो सापडत नाही. हळद किती ओली, जाळ कसा, पाणी किती, त्यावर पाऊण तास लागेल नाहीतर तास. आमच्याकडे तो क्षण आक्का ठरवायची. फेस यायचा, वाफेचा वास बदलायचा, मग ती एक हळकुंड काढून अंगठ्यानं दाबायची आणि खराट्याची काडी टोचायची. काडी अडखळली तर पाला परत टाका. सरळ गेली तर म्हणायची, "उपसा". गडी, वडील, चुलते, सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. पुढं पुढं शेजारच्यांची काहिल लागली की तिलाच बोलावणं यायचं. मोबदला काय, तर ओटीला खण-नारळ आणि कधी पावशेर साखर.

वाळवण, पॉलिश झालं की माल गाडीत घालून वडील आयर्विन पुलावरून सांगलीत पेठेला जायचे. सौदा व्हायचा, पट्टी व्हायची. पट्टीवर पोती, वजन, दर, हमाली-तोलाई वजा जाता रक्कम आणि वडिलांचं नाव. वडील गेल्यावर त्यांची ट्रंक आवरली तेव्हा जुन्या पट्ट्यांचा गठ्ठा निघाला. सुतळीनं बांधलेला, व्यवस्थित. एक एक उलगडून बघितली. आक्काचं नाव एकाही पट्टीवर नाही. असणार तरी कसं म्हणा, खातं वडिलांचं. पण ज्या मालाला 'रंग चांगला' म्हणून दर मिळाला, तो रंग कुणी राखला होता?

आक्का दुसरीपर्यंत शिकलेली. वाचायची अडखळत, पण भाव तोंडपाठ. आणि ते लक्षात ठेवायची तिची तऱ्हा अशी, की माझ्या धाकट्या भावाचा विषय निघाला की ती म्हणणार, "याच्या येळंला मला सातवा हुता, तवा राजापुरी हळदीच्या दरानं पाठ दावली." बारसं कमी खर्चात का झालं हे आम्हाला असं कळायचं.

ती गोड वगैरे नव्हती. तोंडाची फटकळ, पैशाला घट्ट. पाहुण्याला दुसऱ्यांदा चहा विचारताना तिचा आवाज बदलायचा. पण तिला जे येत होतं ते मला आलं नाही, भावांनाही नाही. तुमच्या आयांना, आज्यांना काय येत होतं? प्रेमळ होत्या हे गृहीत धरलंय, ते सोडून सांगा.

———

माणदेशी_बोर

वाचनखूण साठवली. काहिल म्हणजे गुऱ्हाळात असते तीच का?

———

पिवळी_माती

तशीच पसरट, काही जण गुऱ्हाळाचीच वापरायचे. आता बहुतेकांनी वाफेवर शिजवायची ड्रमची यंत्रं आणलीत. ट्रॅक्टरमागे लावून रानातच येतात. पाणी, सरपण, वेळ, सगळंच वाचतं. मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. आक्काही नव्हती. ड्रमचं झाकण उघडल्यावरसुद्धा पहिलं हळकुंड तीच दाबून बघायची, एवढंच.

———

अडत_पेठ

मार्केट यार्डात उभी हयात गेली, म्हणून पट्टीबद्दल थोडं बोलतो. ताई म्हणतात ते बरोबर आहे, खातं ज्याचं त्याचीच पट्टी. पण पेठेतल्या माणसाला घरात खरा जाणकार कोण ते ठाऊक असायचं. दर मनासारखा आला नाही तर काही शेतकरी म्हणायचे, "घरात इचारून सांगतो, माल राहू द्या." नवखा अडत्या हसायचा. जुना अडत्या माल बाजूला ठेवून द्यायचा, कारण घरातून 'नाही' आलं तर तो शेतकरी पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात जाणार हे त्याला माहीत. बायका स्वतः सौद्याला उभ्या राहिलेल्या मात्र मी फार कमी बघितल्या. अलीकडे थोड्या दिसतात.

हरिपूरच्या पेवांचं वाचून बरं वाटलं. २००५च्या पुरानं त्यांचं कंबरडं मोडलं. पाणी आत शिरलं, पेवं ढासळली, आतला माल गेला. नंतर गोदामं आणि शीतगृहं आली.

———

पिवळी_माती

हो, त्या पुरात मामाचंही एक पेव गेलं. पाणी ओसरल्यावर आक्का हरिपूरला गेली आणि पहारीनं जमीन ठोकून ठोकून पेवाचं तोंड शोधत बसली. मामा म्हणत होता, आता काय उपयोग. ती म्हणाली, "उपयोग न्हाई, पर कुटं हाय ते ठाऊक नको? उद्या पोरगं खेळत जाऊन पडंल." तोंड सापडलं, तेव्हा दगड-माती टाकून बुजवून घेतलं.

———

गलाईचा_नातू

माझी आजी खानापूर तालुक्यातली, विट्याच्या बाजूची. आमच्याकडचे पुरुष गलाईच्या धंद्याला बाहेर. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. केरळपासून पंजाब-बंगालपर्यंत कुठल्याही सराफ पेठेत जा, मागच्या बोळात आमच्याकडचा माणूस भेटेल. आजोबा तामिळनाडूत. वर्षातून एकदा यायचे, कधी तेही नाही. लोक विट्याचं नाव दसऱ्याच्या पालखी-शर्यतीसाठी घेतात आणि आता बंगल्यांसाठी. ते बंगले उभे राहीपर्यंत इथली शेती, सासू-सासरे, पोरं, जनावरं, भावकीची भांडणं कुणी सांभाळली हे कुणी विचारत नाही.

आजी १९७२च्या दुष्काळाचं सांगायची. विहिरी आटल्या. सरकारनं कामं काढली. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं. ती तान्ह्या पोराला झाडाखाली झोळीत टाकून खडी फोडायची. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, पोरांना सुकडी. मनीऑर्डर आली तरी बाजारात धान्य कुठं होतं? तिचं कसब म्हणाल तर बैल. दावणीचा एक बैल तिनं विकू दिला नाही. चारा संपला तेव्हा नदीकाठच्या आपल्या भावाकडे चालत नेऊन सोडला आणि पाऊस पडल्यावर परत आणला. आजूबाजूला दावणी रिकाम्या झालेल्या, त्यामुळे त्या वर्षी पेरणीला आमचा बैल भाड्यानं फिरला. आजोबांनी तामिळनाडूतून पाठवलेल्या पैशापेक्षा त्या बैलानं जास्त दिलं, असं ती अगदी त्यांच्या तोंडावर म्हणायची.

———

शाळूचं_कणीस

गलाईचा_नातू, तुमची आजी भारी! माझ्या आईचं कसब म्हणजे चटणी. सांगली-साताऱ्यात चटणी म्हणजे वर्षाची, कांदा-लसूण घातलेली, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणायची ती. आई डंकावर स्वतः बसून राहायची, कारण उठली की डंकवाला आपल्या मिरच्यांत दुसऱ्याच्या मिरच्या मिसळतो असा तिचा ठाम विश्वास. बाकी काही विशेष नाही, पण आता विकतच्या पाकिटातली चटणी खाताना डंकवाल्याची आठवण येते.

———

कोयनाकाठ

आम्ही पाटण तालुक्यातले, तेव्हा सातारा जिल्ह्याकडून माझी हजेरी. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारच्या पुढं भूकंप झाला. कोयनानगर जवळच. दगड-मातीची घरं, वर कौलं. आमच्या घराची मागची भिंत आत पडली. आजी तेव्हा तिशीत असेल. तिनं पोरं बाहेर काढली, मग म्हाताऱ्या सासूला पाठुंगळी मारून काढलं आणि परत आत गेली. कशाला? विस्तव विझवायला. थंडीचे दिवस, पहाटे चूल पेटलेली, वर गवताची गंजी. शेजारच्या वाडीत घर पडलं नाही पण जळालं, असं ती सांगायची.

नंतर कित्येक महिने लोक घराबाहेर, पालात आणि पत्र्याखाली झोपायचे. धक्के चालूच होते. आजीला पुढं आयुष्यभर एक सवय राहिली. झोपायच्या आधी चुलीवर पाणी मारून बघायचं. गॅस आल्यावर रेग्युलेटर. मुंबईला आमच्या फ्लॅटवर आली तरी रात्री उठून स्वयंपाकघरात जायची. मी लहान असताना मला वाटायचं ती चोरून लाडू खाते.

———

स्पष्टवक्ती

सगळं छान चाललंय तर मीच मिठाचा खडा टाकते. पिवळी_माती, तुम्ही फ्लेक्सवरचे शब्द नाकारले हे आवडलं. पण इथं एक वेगळाच फ्लेक्स तयार होतोय असं वाटत नाही का? आजी खडी फोडायची, आजी काहिलीपाशी उभी राहायची. अहो, तिला ते करावंच लागत होतं. त्याला कसब म्हणून आरती ओवाळली की आपण मोकळे. आणि दुसरं, ही पिढी सुनांशी कशी वागली? माझ्या आजीला सगळं येत होतं. आईला मात्र तिनं भाकरी मोजून दिली. ते कोण लिहिणार?

———

पिवळी_माती

तुमचा पहिला मुद्दा मला अर्धा पटतो. करावं लागत होतं हे खरंच. पण करावं लागणाऱ्या सगळ्यांना ते जमत नव्हतं. आमच्याच भावकीत एका घरी पूर्ण काहिल बिघडली आणि वर्षाचा माल मातीमोल भावात गेला. वडिलांच्या मापणीला, तोलणीला लोक 'जाणकार' म्हणायचे. आक्काच्या अंगठ्याला कुणी काही म्हणालं नाही. मला एवढाच फरक सांगायचा होता.

दुसऱ्या मुद्द्यावर मी बोलण्यात अर्थ नाही, मी लेक आहे. वहिनीला धागा पाठवलाय. तिला वाटलं तर लिहील.

———

खडू_फळा

रयतच्या शाळेत नोकरी झाली म्हणून एक आठवण. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई. वसतिगृहातल्या पोरांना जेवायला घालण्यासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा, हे आम्ही दरवर्षी भाषणात सांगतो. पण वेगवेगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवून रोजचा स्वयंपाक निभावणं, कुणाला काय पचतं, कोण आजारी आहे, पीठ किती उरलं हे बघणं, त्यावर भाषण होत नाही. सोनं दिसतं, पीठ दिसत नाही.

अवांतर: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावायचा शासन निर्णय झालाय. पहिलीच्या हजेरीपटावर ही मुलं येतील तेव्हा गुरुजींची लिहिताना दमछाक होणार, पण होऊ दे.

———

थोरली_सून

नमस्कार. मी धागाकर्तीची वहिनी. टाइप करायची सवय नाही, मुलगी टाइप करतेय, मी सांगतेय.

आत्ती मला सुरुवातीची कितीतरी वर्षं काहिलीजवळ उभी राहू देत नव्हत्या. "तू भाकरी बघ" एवढंच. आमचं पटत नव्हतं हे वन्सं लिहितील का नाही माहीत नाही, म्हणून मीच सांगते. मधे काही काळ आम्ही दोघी एका घरात राहून पोरांमार्फत बोलायचो. "आईला सांग चहा झालाय." "मम्मीला म्हणावं साखर कमी हाय." कारण काय होतं ते आता इथं नको.

मी शिकले ते बघून. त्या काडी टोचायच्या तेव्हा मी लांबून त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे बघायची. एका वर्षी त्यांना ताप होता. मामंजींनी गड्याला विचारलं, झाली का? गडी म्हणाला, झाली. मी म्हटलं, नाही झाली, अजून थोडं. सगळे गप्प. आत्ती आतून वाकळीखालून ओरडल्या, "ती म्हणती तसं करा." त्यानंतर काहिलीजवळ दोघी असायचो. त्यांनी मला शाबास कधी म्हटलं नाही. मीही वाट बघितली नाही.

२०१९च्या पुराचं सांगते. आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या घरात पाणी शिरणार हे आदल्या दिवशीच कळलेलं. रानात हळद उभी होती, ती गेल्यात जमा. घरात दराची वाट बघत ठेवलेली मागच्या वर्षीची पोती होती. माझे मिस्टर फ्रिज उचलायला लागले. आत्ती म्हणाल्या, "त्यो बरफाचा डबा ठेव खाली. आदी पोती." ट्रॉलीत पोती भरली, त्यावर ताडपत्री, त्यावर आत्ती. माझं कपाट पाण्यात गेलं, मला राग आला होता, अजून थोडा आहे. पण पूर ओसरल्यावर घर सारवायला, चिखल काढायला, पोरांच्या फीला पैसा आला तो त्या पोत्यांतून.

स्पष्टवक्ती ताई, भाकरी मोजून वगैरे नव्हती. पण माहेरी जायचं म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायचे. एवढं खरं.

———

स्पष्टवक्ती

वहिनी, सलाम. यापुढं माझं काही म्हणणं नाही.

———

टाइप_करणारी

मम्मीनं सांगितलं ते जसंच्या तसं टाकलंय, आता माझं थोडं. आई (म्हणजे आज्जी) रोज सकाळी माझ्याकडून पेपरातले बाजारभाव वाचून घ्यायची. मी पहिलीत जायच्या आधी 'हळद राजापुरी', 'क्विंटल', 'किमान', 'कमाल' हे शब्द ओळखायला लागले होते. वर्गात बाईंनी कमळ, बदक विचारलं की मला कंटाळा यायचा. चुकीचा आकडा वाचला तर तिला कळायचं. मग मला प्रश्न पडायचा, हिला ठाऊकच आहे तर मला का वाचायला लावते.

२०१८ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. मी कॉलेजातून आले आणि तिला सगळं समजावून सांगितलं, की आता दुसरीकडच्या हळदीला सांगलीची म्हणता येणार नाही वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उद्याच्याला दर किती निघंल?"

———

नदीपल्याड

पिवळी_माती, एक विचारू? खासगी वाटलं तर सोडून द्या. पट्टीवर नाव नव्हतं. सातबाऱ्यावर होतं का?

———

पिवळी_माती

खासगी कसलं, गावाला माहीत आहे. आजोबा गेल्यावर हरिपूरची थोडी जमीन होती, त्यावर वारस म्हणून आक्काचं नाव लागलं होतं. मामानं साडीचोळी केली, तहसीलच्या गावी नेलं, हॉटेलात भजी खायला घातली आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. तिनं खुशीनं केली. माहेर राहावं म्हणून सगळ्याच करतात. मामा वाईट नव्हता, शेवटपर्यंत दिवाळीला न्यायला यायचा.

मग आमचे वडील गेले. फेरफार झाला, आक्का, दोन्ही भाऊ, आम्ही बहिणी, सगळ्यांची नावं लागली. महिन्याभरात हक्कसोडीचा विषय निघाला. भावांचं म्हणणं रीतसर होतं, कर्ज काढायला, ठिबकचं अनुदान घ्यायला प्रत्येक वेळी बहिणींच्या सह्या कुठून आणायच्या? मी सही करणारच होते, खरं सांगते. पेन काढलं होतं. आक्का सोप्यात शेंगा फोडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "पोरींच्या सह्या मी घिऊ द्यायची न्हाई. माझी घेतली तेवढी बास." थोरला भाऊ म्हणाला, अगं आक्का, त्यांना काय कमी आहे? त्यावर, "मला तरी काय कमी हुतं? भजी खाऊन आलोच की."

सह्या झाल्या नाहीत. जमीन भाऊच कसतात आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नावं आहेत.

———

भावकीतला

वाद घालायचा नाही, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी. सातबाऱ्यावर सात-आठ नावं असली की पीककर्जापासून विहिरीपर्यंत प्रत्येक कागदाला त्रास होतो. बहिणींची मुलं मोठी झाली की वाटणी मागतात, दीड एकराचे तुकडे होतात. आमच्याकडे बहिणींनी आनंदानं सोडलं आणि आजही येणं-जाणं आहे. प्रत्येक भाऊ लबाड नसतो.

———

काळा_कोट

सांगली कोर्टात वकिली करतो. दोन्ही बाजू रोज बघतो, त्यामुळे कायद्यापुरतं सांगतो. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला वाटा १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानं सहहिस्सेदार, ही दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ला केली, देशभर २००५ला झाली. २००५ला वडील हयात असायलाच हवे होते का, यावर बरीच वर्षं गोंधळ होता. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तशी अट नाही.

हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. तलाठ्याकडे नुसता जबाब देऊन हक्क जात नाही, आणि एकदा नोंदणी झाली की मागाहून 'मला कळलं नव्हतं' हे सिद्ध करणं अवघड. भावकीतला म्हणतात ती कर्जाची अडचण खरी आहे, पण तिला हक्क सोडणं हा एकच उपाय नाही. बहिणी भावाला कुलमुखत्यारपत्र देऊ शकतात. त्यात व्यवहार करायचे अधिकार मर्यादित ठेवता येतात आणि मालकी राहते. लोक हा पर्याय विचारतच नाहीत, कारण त्यात भजी मिळत नाहीत.

———

अडत_पेठ

वकीलसाहेब :)

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्यांनी थोडी तरी जमीन बायकोच्या नावावर करावी म्हणून. आमच्या ओळखीच्या काही शेतकऱ्यांनी केली. त्यातल्या एका बाईंचं मग पेठेत वेगळं खातं उघडलं गेलं. वर म्हटलं ना, थोड्या दिसतात, त्यांतल्या त्या एक. सौद्याला आल्या की हळकुंड मोडून आतला रंग खरेदीदाराच्या नाकासमोर धरायच्या.

———

पिवळी_माती

कुलमुखत्यारपत्राचं भावाला वाचून दाखवलं. "बघू" म्हणालाय. आमच्याकडे 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा हो असतं.

फ्लेक्स होणारच आहे, त्याला इलाज नाही. मजकुरात मी एवढंच घालायला सांगितलंय: नाव, माहेर हरिपूर, आणि 'हळद शिजवण्यात जाणकार'. फ्लेक्सवाला दोनदा फोन करून विचारत होता, मायेचा सागर नक्की काढायचं ना?

———

माणदेशी_बोर

ताई, एक राहिलंच. आता तुमच्याकडे काहिल, म्हणजे ड्रम, कोण बघतं? आटपाडीकडे टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून आमच्या भावकीत एकानं पहिल्यांदा हळद लावलीय. यंत्रवाला म्हणतो मी सांगेन तेव्हा काढा. त्याच्यावर सोडावं का?

———

पिवळी_माती

यंत्रवाल्याला दिवसात चार रानं करायची असतात, तो लवकरच काढणार. हळकुंडं आणि गड्डे एकत्र शिजवू नका, गड्ड्यांना वेळ जास्त लागतो. काढणीनंतर फार दिवस ओली हळद ठेवू नका. बाकी बघणारी वहिनी आहे. तिलाच विचारते.

———

थोरली_सून

संक्रांतीनंतर आमची काढणी आहे. त्यांना म्हणावं एक दिवस या आणि बघा, फोनवर सांगून कळायचं नाही. बायकोला बरोबर आणा. येताना खराट्याच्या काड्या आणायची गरज नाही, आमच्याकडे आहेत.